डॅशबोर्डमागचा नट

काल बोल्ट तुटला.
तुटण्याआधी अर्धा आटा फिरला,
लोण्यात सुरी जावी तसा मऊ,
आणि मी मूर्खासारखा खूश झालो.
मग डोकं माझ्या हातात, धड इंजिनात.

धड काढायला उलट्या आट्याचं हत्यार आणलं.
तेही आतच मोडलं.
वॉशिंग्टन येऊन वाकून बघून गेला.
(पायसान्दूत आमच्या एका गल्लीत
या नावाचे दोघे आहेत. हा म्हातारा, मेकॅनिक.)
म्हणाला, एल्बिओ, बोल्ट गंजलेला होता,
हत्यार नवं होतं,
आता नव्यालाच भोक पाडत बस.
आणि चार वाजेपर्यंत ठोकू नकोस,
अख्खी गल्ली झोपलीय.

म्हणून बसलोय.
फेब्रुवारी. पत्र्याचं छप्पर तडतडतंय.
मातेच्या भोपळ्यात पाणी ओततो,
नळीने ओढतो, पुन्हा ओततो.
समोर ती,
मॉरिस मायनर, साल एकसष्ट,
नदीकाठच्या एका सुईणीची होती.
घेतली तेव्हा ती चालत होती.
हे वाक्य माझं नाही, निबियाचं,
दर नाताळात पाहुण्यांसमोर,
कोकराचा पहिला तुकडा वाढताना.
आणि खरंच आहे ते.
मी तिला पुलापासून चालवत आणली,
काच खाली, कोपर बाहेर,
आणि त्याच रविवारी
नुसती कुठून तरी टिकटिक येते म्हणून
जरासं बघू, म्हणून
उघडली.

सात वर्षं.

स्क्रूड्रायव्हरने तळाचा पत्रा टोचून पाहिला
तर टोक गॅरेजच्या फरशीला लागलं.
पत्रा बदलला, तर दार लागेना.
दार बसवलं, तर समजलं
की इतकी वर्षं गंजानेच गाडी सरळ धरली होती.
सगळ्या गावात मिलिमीटर,
ही एकटी इंचात बोलते.
दहाचा पाना सैल, नऊचा जात नाही,
मधल्या त्या फटीत माझे किती शनिवार गेले.
इंग्लंडहून स्टिअरिंगचा भाग मागवला.
चार महिन्यांनी आला, सुंदर, तेलकट कागदात गुंडाळलेला,
उजव्या बाजूला बसणाऱ्या ड्रायव्हरचा.
तो अजून फळीवर आहे.
परत पाठवायला आलेल्यापेक्षा जास्त लागतात.

चारला पाच कमी असताना नाहिआरा आली, समोरच्या घरातली.
काल बोल्टच्या आधी
वायपरचा नट डॅशबोर्डमागे पडला होता,
ते सांगायचं राहिलंच.
तिला काही सांगावं लागत नाही.
पाच वर्षांची होती तेव्हाही
असाच एक नट आत गेला होता,
मी आरशाने, चुंबकाने, शिव्यांनी थकलो,
आणि ही उंबऱ्यावरून उठली,
हात घातला, नट काढला,
फ्रॉकला पुसून माझ्या तळव्यावर ठेवला.
तेव्हापासून या घरात तिला
पगार म्हणून दोन बिस्किटं.

आजही तिने हात घातला.
मनगटाशी अडला.
तिरका करून, बोटं मिटून,
अंगठा तळव्यात दुमडून,
अडलाच.
बाहेर काढला तेव्हा कातडीवर
पत्र्याची पांढरी रेघ होती.
ती हाताकडे बघत राहिली,
जसं कुणी परक्याचा हातमोजा चुकून घातलाय.
मी काहीतरी बोलायला हवं होतं.
मी किटली उचलली, ती रिकामी होती.

गाडी या सात वर्षांत
वीतभरही हलली नाही.

मग नाहिआरा म्हणाली, थांब,
आणि रस्ता ओलांडून गेली,
आणि आली ती धाकट्या भावाला ओढत,
झोपेतून उठवलेला, गालावर उशीची घडी,
एका पायात चप्पल.
त्याने गाडीभोवती एक फेरी मारली.
विचारलं, ही चालते का?
मी तोंड उघडलं.
ती माझ्याआधी म्हणाली, अजून नाही.
आणि त्याला काखेत धरून
सीटवर उभं केलं.

चार वाजले. पलीकडे वॉशिंग्टनने रेडिओ लावला.
आत कोपरापर्यंत गेला
तो चिकट, चार वर्षांचा हात.